त्रिची की सिलिगुडी

सिद्राममामांनी आपल्या खुर्चीवरची उशी उचलली, दोनदा झटकली, उलटी करून परत ठेवली आणि माझ्या वडिलांना, अप्पांना, म्हणाले, "बसा अण्णा."

अप्पा उभेच राहिले. अंगात भोकं पडलेली बनियन, हातात भट्टी पुसायचं फडकं. मी दुपारचा डबा घेऊन दुकानात आले होते, ती दारातच थांबले.

"आत्ता कशाला? पाव्हणं उद्या यायचं हाईत," अप्पा म्हणाले.

"म्हणून तर आज बसा म्हणतोय. एकदम उद्या बसलासा तर अवघडल्यागत दिसंल. सवय हुंदे जरा."

अप्पा बसले. खुर्चीच्या कडेवर, गुडघे जुळवून, पोलिसांनी चौकशीला बोलावलेला माणूस बसतो तसे. सिद्राममामांनी त्यांच्यासमोर तराजू सरकवला, सोनं पारखायचा कसाचा दगड ठेवला आणि दोन पावलं मागं जाऊन पाहिलं.

"हां. आता मालक दिसतासा."

मग ते स्वतः भट्टीजवळच्या स्टूलावर जाऊन बसले. त्या स्टूलावर एरवी माझे अप्पा बसत.

आमचा धंदा गलाईचा. जुने दागिने वितळवायचे, ॲसिडात त्यातली भेसळ जाळायची आणि शुद्ध सोनं सोनाराला परत करायचं. सांगली जिल्ह्यातल्या विट्याकडच्या आमच्या भागातली निम्मी घरं या धंद्यावर चालतात. देशातल्या कुठल्याही सोनारपेठेत जा, धुराचा वास घेत घेत गेलात तर शेवटी एखाद्या बोळात आमच्याकडचा माणूस भट्टी फुंकत बसलेला सापडेल. अप्पा लग्नाआधीच तमिळनाडूत त्रिचीला आले होते. माझा जन्म तिथला. घरात विट्याची मराठी, दाराबाहेर तमिळ, आणि भांडण आलं की दोन्ही, असं आमचं चालायचं.

ते दुकान खरं तर अप्पांचंच होतं. सिद्राममामा जत भागातून पोरसवदा वयात त्यांच्याकडं आले, काम शिकले आणि पुढे शेजारच्या गल्लीत त्यांनी छोटी भट्टी टाकली. मग एका वर्षी अप्पांनी वितळवलेलं सोनं चोरीचं निघालं. गलाईवाल्याला ही भीती जन्माची असते. वितळलेल्या सोन्यावर कुणाचं नाव नसतं. भरपाई करता करता दुकान विकायची पाळी आली. घ्यायला टपलेले पुष्कळ होते. ते घेतलं सिद्राममामांनी, आणि घेतल्या दिवशी अप्पांना म्हणाले, "तुमी कुटं जाऊ नगासा. भट्टी तुमीच बघायची." पाटीवर 'मुळीक' हे आमचं आडनाव त्यांनी तसंच ठेवलं. सोनार नावाला ओळखतात, असं त्याचं कारण ते सांगायचे.

गावात मात्र अप्पा अजून मालकच होते. आधी सांगायचं राहिलं, नंतर सांगायची सोय राहिली नाही. आमच्या गावचं त्रिचीत दुसरं कुणी नव्हतं, त्यामुळे बिंग फुटण्याचं भयही नव्हतं. जत्रेला अप्पा कडक इस्त्रीचा शर्ट घालून जात आणि लोक त्यांना विचारत, "अण्णा, पोराला कुठं धाडू? मद्रासकडं का कलकत्त्याकडं?" अप्पा शहरांची तुलना करत बसत. कुठलं पाणी बाधतं, कुठला सोनार बुडवतो, कुठं पोरांची शाळा चांगली. त्यांचा शब्द मानला जाई.

आणि मग रणधीरदादाचा फोन आला. हा अप्पांच्या चुलतभावाचा मुलगा. नुकतंच लग्न झालेलं. त्याच्यासमोर दोन शहरं होती, सिलिगुडी आणि त्रिची. सिलिगुडी तो बायकोला घेऊन पाहून आला होता, तिथं तिचे लांबचे मामा होते. आता त्रिची बघायला येतो म्हणाला. आमच्यात शहर निवडणं म्हणजे नुसतं हवापाणी बघणं नसतं. नव्या माणसाला सोनार सोनं देत नाहीत. वर्षभर आपल्या माणसाच्या हाताखाली बसायचं, त्याच्या ओळखीनं बाजाराला तोंड दाखवायचं, मग वेगळी भट्टी. म्हणजे त्रिची निवडली तर रणधीरदादा अप्पांच्या हाताखाली बसणार. आणि अप्पा स्वतःच दुसऱ्याच्या हाताखाली.

आईनं सरळ सांगितलं, "खरं काय ते सांगून टाका. सगळी सोंगं आणता येत्यात, पैशाचं सोंग आणता येत न्हाई."

"झाकली मूठ सव्वा लाखाची," अप्पा म्हणाले. "चार दिवस ऱ्हातील, उकाडा बघून पळतील सिलिगुडीला."

"आन् न्हाई पळालं तर?"

अप्पा उठून चपला घालू लागले. पाहुण्यांना लॉजवर उतरवण्याची पद्धत आमच्यात नाही आणि येऊ नका म्हणण्याची तर नाहीच. अप्पा दोन दिवस जेवले नाहीत नीट. ते बघून सिद्राममामांनी आपण होऊन सांगितलं, चार दिवस तुम्ही खुर्चीवर बसा, मी नोकर होतो. अप्पा आधी नको म्हणाले. बरेचदा म्हणाले. पण अगदी मनापासून म्हणाले असते तर एकदाच पुरलं असतं.

त्या दुपारी दुकानातून घरी आल्यावर त्यांनी मला बजावलं, "उजे, पाव्हणं हाईत तोवर सिद्रामला मामा म्हणायचं न्हाई. नोकराला कुणी मामा म्हणतं का?"

माझं नाव उज्ज्वला. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि लहानपणापासून सिद्राममामांच्या खांद्यावर बसून देवळातला हत्ती बघत आले होते. मी ठरवलं, पुढचे चार दिवस त्यांना कुठल्याच नावानं हाक मारायची नाही.

रणधीरदादा अबोल निघाला. बोलण्याचं सगळं खातं अस्मितावहिनीकडं होतं. सांगलीत बी.कॉम. झालेली, सडसडीत, कशालाही न बुजणारी. चहाचा कप खाली ठेवायच्या आत तिनं आईला विचारलं होतं, नळाला पाणी किती वेळ येतं, ज्वारीचं पीठ मिळतं का, आणि इथं बायका एकट्या सिनेमाला जातात का.

"सिलिगुडीला हवा झकास आहे," ती मला म्हणाली. "थंडीत तर अंघोळ टाळायला रोज नवीन कारण मिळतं. पण शाळेचं विचारलं तर तिथले माझे मामा म्हणाले, चांगलं शिक्षण हवं असेल तर डोंगरावरच्या बोर्डिंगात टाकावं लागेल. मी काय बोर्डिंगात टाकायला पोरं जन्माला घालू?"

"आधी जन्माला तर येऊ देत," रणधीरदादा पहिल्यांदाच बोलला, आणि स्वतःच लाजला.

पहिल्या दिवशी ते दोघं दुकानात जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी मी त्यांना घरं दाखवायला नेलं, कारण आम्हा तिघांत तमिळ मलाच येत होतं. पहिल्या घरमालकिणीनं दारातच विचारून घेतलं, मांस-मच्छी खाता का. मी भाषांतर केलं. वहिनीनं मान डोलावली तसं दार हळूच लोटलं गेलं.

"सिलिगुडीची घरमालकीण सकाळपासून मासे तळत होती, वासानं माझं डोकं उठलं," वहिनी जिना उतरताना म्हणाली. "आणि इथली मटणाचं नाव काढल्यावर दार लावते. आपण असं करू, दोन्हीच्या मधे कुठंतरी राहू. रेल्वेतच."

आम्ही तिघंही हसलो. मला फार बरं वाटलं. त्रिचीत माझ्याशी मराठीत थट्टा करणारं दुसरं कुणी नव्हतं.

दुसरं घर एका निवृत्त शिक्षिकेचं होतं. वरचा मजला, दोन खोल्या, मागं शाळेचं मैदान. बाईंनी काहीच विचारलं नाही, उलट कॉफी दिली. वहिनी स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी उभी राहून मैदानाकडं बघत होती. मग माझ्याकडं वळली.

"उज्ज्वला, तू इथं वाढलीस. खरं सांग. आम्ही इथं यावं का?"

काय सांगायचं मी? शहर चांगलं होतं. नदी होती, शाळा होत्या, बायका रात्री गजरे माळून हिंडायच्या. तिनं विचारलं ते शहराबद्दल, आणि शहराबद्दल माझ्या मनात किंतु नव्हता. शिवाय ती मला हवी होती, हेही खरंच.

"या," मी म्हणाले.

म्हणाले आणि मग लक्षात आलं. ही इथं राहायला आली की आठ दिवसांत सगळं उघडं पडणार होतं.

"बास. ठरलं," वहिनी म्हणाली. "चला, काकांना सांगू."

आम्ही दुकानात पोचलो तेव्हा अप्पा खुर्चीवर होते. पहिल्या दिवशी कडेवर बसणारा माणूस दोन दिवसांत पाठीला टेकून बसायला लागला होता. पांढरा शर्ट, कपाळाला विभूती. "सिद्राम, पंखा वाढव." "सिद्राम, चहा सांग पाव्हण्यांना." सिद्राममामा प्रत्येक वेळी "जी अण्णा" म्हणून उठायचे. आदल्या दिवशी ते हे म्हणताना माझ्याकडं बघून डोळे मिचकावत होते. आज बघत नव्हते.

"काका, आमचं ठरलं," वहिनी म्हणाली. "त्रिची."

रणधीरदादा वाकून अप्पांच्या पाया पडला. "वर्षभर तुमच्या हाताखाली काढतो काका. मग तुम्ही म्हणाल तसं."

अप्पांचा हात आशीर्वादाला उचललेला तसाच राहिला. "आरं... बघू की. घाई काय. उन्हाळा न्हाई बघितला तुमी हितला..."

तेवढ्यात राजगोपाल आत आला. हा आमचा रोजचा सोनार, लग्नसराईची घाई होती, घामाघूम झालेला. दुकानात पाहुणे आहेत का आणि खुर्चीवर कोण आहे हे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. अप्पांसमोरून तो थेट भट्टीपाशी गेला, कंबरेची पुरचुंडी सोडली आणि दागिने सिद्राममामांच्या ओंजळीत ओतले. वर्षानुवर्षांची सवय. मामांचे हातही सवयीनंच चालले. त्यांनी एक तुकडा घेतला, उठले, अप्पांसमोरचा कसाचा दगड उचलून त्यावर घासला, उजेडात धरला, राजगोपालला म्हणाले, संध्याकाळी ये. आणि अप्पांच्या पुढ्यातला तराजू त्यांनी न विचारता आपल्याकडं ओढला.

रणधीरदादाची नजर तराजूवर गेली. तिथून मामांकडं, तिथून अप्पांकडं. तो धंद्यातल्या घरातला पोरगा. तराजू कुणी ओढायचा असतो हे त्याला कळत होतं.

अप्पांनीही ते पाहिलं. ते उठले आणि सिद्राममामांच्या कानाखाली त्यांनी मारली.

आवाज मोठा झाला. मामांच्या हातातला दगड खाली पडला. भट्टीचा पंखा तेवढा फिरत होता.

"गिऱ्हाईक आलं की म्होरं म्होरं करतोस? तराजू वढतोस?" अप्पांचा आवाज चिरकला होता. "मालक कोन हाय हितं? तू का मी?"

सिद्राममामांच्या मिशीत तेव्हा पांढरे केस आले होते. त्यांचा थोरला मुलगा माझ्या बरोबरीचा होता. ते खाली बघत म्हणाले, "तुमी, अण्णा."

"मोठ्यानं बोल!"

"तुमीच मालक. चुकलं माझं."

राजगोपाल मधे पडायला निघाला. सिद्राममामांनी त्याचा खांदा धरून त्याला थांबवलं आणि तमिळमधे हळू आवाजात म्हणाले, काही झालं नाही, मोठे आहेत, वडील मारतातच. दादाला आणि वहिनीला त्यातलं अक्षर कळलं नाही. मला सगळं कळलं. माझे कान पेटले, आणि आपल्याला तमिळ येत नसतं तर किती बरं झालं असतं असं वाटलं. मी अप्पांकडं बघू शकत नव्हते आणि मामांकडंही. फरशीवर पडलेला तो काळा दगड होता, त्याच्याकडं बघत राहिले.

मामांनीच तो उचलला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि अप्पांसमोर ठेवला. तराजूही परत जागेवर ठेवला. अप्पा खुर्चीत बसले होते. उजवा हात त्यांनी डाव्या हातानं मांडीवर दाबून धरला होता.

"उजे, पाव्हण्यांना घरी ने," ते म्हणाले.

 संध्याकाळी वहिनीनं आईला भाकरी थापायला मदत केली, पण घरं, शाळा, नळ यांतलं काही तिनं काढलं नाही. अप्पा उशिरा आले, भूक नाही म्हणाले आणि भिंतीकडं तोंड करून पडले.

सकाळी मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते तेव्हा वहिनी वर आली. बादलीतलं एक लुगडं घेऊन तिनं त्याचं एक टोक मला दिलं आणि पिळता पिळता म्हणाली, "उज्ज्वला, आमचं सिलिगुडीचं ठरलंय."

मी तिच्याकडं बघितलं.

"राग मानू नकोस. शहर मला हेच आवडलंय. ते घर तर फारच. पण..." तिनं लुगड्याला आणखी एक पीळ दिला. "तो माणूस केवढा आहे गं! बापाच्या वयाचा नसेल, पण केस पिकलेत त्याचे. आणि गिऱ्हाइकासमोर असा मारायचा? त्यानं काय केलं होतं? तराजू ओढला. उद्या ह्यांच्या हातून काही चुकलं आणि काकांनी ह्यांच्यावर हात टाकला, तर मी काय करू? परका असता तर भांडले असते. काकांशी कसं भांडणार?"

"अप्पा तसे नाहीत," मी म्हणाले.

"तुझे वडील आहेत. तुला तसंच वाटणार."

तिनं हे वाईट पद्धतीनं म्हटलं नाही. उलट माझ्या हातावर हात ठेवला. मला एकच वाक्य बोलायचं होतं. वहिनी, ज्यानं मार खाल्ला तो मालक आहे आणि ज्यानं मारलं तो नोकर. एवढं ऐकलं असतं तर तिला सगळं उमगलं असतं. मग ती अप्पांना निर्दय म्हणाली नसती. मग तिनं त्यांची कीव केली असती, आणि गावाकडं गेल्यावर ती कीव घरोघर पोचली असती. माझ्या बापाला यांतलं काय जास्त सोसलं असतं हे मला ठरवता येईना. मी चिमटे लावत राहिले. तिला वाटलं मी रुसले.

स्टेशनवर रणधीरदादा अप्पांच्या पाया पडला आणि खाली बघत म्हणाला, "अस्मिताला उकाडा सोसायचा नाही काका. म्हणून मग..."

"मी म्हटलंच हुतं," अप्पा म्हणाले. "उन्हाळा लई वंगाळ हितला. सिलिगुडीच बरी."

त्यांना हवं होतं तेच झालं होतं. गाडी हलली तेव्हा ते हात वर करून उभे होते, गाडी दिसेनाशी झाली तरी उभेच होते. आईनं त्यांना कोपराला धरून फिरवलं.

दुसऱ्या दिवशी अप्पा कामावर गेले नाहीत. आंघोळ करून, बनियन घालून दारापर्यंत गेले, परत येऊन बसले.

"उजे, जाऊन सांग, ताप हाय म्हणावं."

ताप नव्हता. मी निघाले. दुकानाच्या बोळाशी पोचेपर्यंत मी तीनदा परत फिरायचा विचार केला. सिद्राममामा भट्टीसमोर उकिडवे बसून सोनं वितळवायची मूस चिमट्यात धरत होते. त्यांच्या खुर्चीवर कुणी नव्हतं.

"अप्पांना ताप आहे," मी दारातूनच म्हणाले.

"व्हय?" त्यांनी मूस पुन्हा निखाऱ्यात ठेवली. "बरं."

मला तिथून पळायचं होतं, पण ते काहीतरी बोलणार असं दिसत होतं. त्यांनी चिमट्यानं निखारे सारखे केले.

"उजाबाय, मी शिकत हुतो तवा लई नुसकान केलंय अण्णांचं. मुशी फोडल्या. सोनं राखंत सांडलं. एकदा तर ॲसिडानं ही हातभर जागा जाळली, अण्णांचं धोतर जाळलं." ते जरा हसले. "एकदाबी त्यांनी हात उचलला न्हवता माज्यावर. आवाजसुदीक चढवला न्हवता."

त्यात तक्रार नव्हती. एखादी गोष्ट हरवली आणि ती कुठं ठेवली होती हे माणूस आठवतो, तसं ते बोलत होते.

"मामा," मी म्हणाले. इतक्या दिवसांनी तो शब्द तोंडातून आला.

"जा, पाठव त्यान्ला," ते म्हणाले. "ताप असला तर हितं पडून ऱ्हाऊ दे. ह्यो माल मला एकट्याला निभायचा न्हाई."

घरी येऊन मी अप्पांना एवढंच सांगितलं, बोलावलंय. ते उठले आणि गेले.

त्या दिवसाबद्दल आमच्या घरात कुणी कधी बोललं नाही. अप्पा शेवटपर्यंत त्या स्टूलावर बसून भट्टी बघत राहिले. गावाला जाणं त्यांनी हळूहळू कमी केलं, मग सोडलं. दम्यानं गेले तेव्हा माझं लग्न होऊन मी कोईमतूरला होते. खांदा द्यायला सिद्राममामा पहिले होते. आईनं हट्ट धरला म्हणून तेराव्याला आम्ही गावी गेलो, तेव्हा तेही आमच्याबरोबर आले.

दारात मांडव घातला होता. पुरुष माणसं सतरंजीवर बसलेली. सिद्राममामा चपलांजवळ बसले. त्यांना गावात कुणी ओळखत नव्हतं, आणि ते कोण हे आम्ही सांगितलं नव्हतं. रणधीरदादानं मात्र त्यांना ओळखलं. तो आता चांगला भरला होता, सिलिगुडीत त्याच्या दोन भट्ट्या होत्या, आणि तेव्हाचा अबोलपणा कुठल्या कुठं गेला होता.

"काकांचा धाक म्हणजे धाक!" तो लोकांना सांगू लागला. "आमच्यादेखत ह्या माणसाच्या कानाखाली काढली होती. का, तर तराजूला हात लावला. ह्योच तो. काय रं, खरं का न्हाई?"

सगळे मामांकडं वळले. त्यांच्या हातात पाण्याची कळशी होती. कुणीतरी त्यांना पंगतीला पाणी वाढायला सांगितलं होतं आणि ते मुकाट्यानं उठले होते. मी पत्रावळी मांडत होते. 

"खरं हाय," सिद्राममामा म्हणाले. "लई कडक मालक. मार खाऊनच शिकलोय आमी."

"म्हणून तर हाताला वळण लागलं," एक म्हातारे म्हणाले. बाकीच्यांनी माना हलवल्या. अण्णा मुळीक म्हणजे अण्णा मुळीक, असं कुणीतरी म्हणालं. मामा कळशी घेऊन पुढच्या माणसापाशी गेले आणि वाकून पाणी वाढू लागले.

अस्मितावहिनी माझ्या शेजारी वाकली. तिच्या डोळ्यांत माझ्याविषयी खरी माया होती.

"गेलेल्या माणसाबद्दल बोलू नये," ती हळूच म्हणाली, "पण मी तेव्हाच ओळखलं होतं बघ. स्वभाव कडकच होता काकांचा."

आई उंबऱ्यात उभी होती. ती माझ्याकडं बघत होती.

"हो," मी म्हणाले, "कडकच होता."